किल्ली आमच्याच खिशात

आमच्या ऑपरेशन थिएटरच्या कोपऱ्यात एक लोखंडी कपाट आहे. दोन कुलपं, दोन किल्ल्या. एक इनचार्ज सिस्टरकडे, दुसरी माझ्याकडे. आत मॉर्फिन आणि फेंटानिलच्या अँपूल. सकाळी मोजायच्या, संध्याकाळी मोजायच्या. फोडलेल्या रिकाम्या काचासुद्धा डब्यात जपून ठेवायच्या, कारण नवा साठा घेताना जुन्या काचा दाखवाव्या लागतात. रजिस्टरमध्ये पेशंटचं नाव, किती दिलं, किती उरलं, उरलेलं कुणासमोर टाकून दिलं, आणि दोघींच्या सह्या. बावीस वर्षं मी भूल देते आहे. या कपाटाच्या हिशेबात एका अँपूलची तूट कधी आली नाही, आणि त्याचा मला फार अभिमान होता.

होता असं लिहिते आहे. त्या कपाटापासून चाळीस पावलांवर कॅन्सरचे पेशंट झोपलेले असतात. झोपलेले म्हणजे खाटेवर. झोप त्यांना कुठली! कपाटातलं काही त्यांच्यापर्यंत वर्षानुवर्षं पोचलं नाही. ज्याला भूल दिली आहे, ज्याला स्वतःचं नावही सांगता येत नाही, त्याला दुखू नये म्हणून मी त्याची नाडी, रक्तदाब, पापणीच्या कडेचं पाणी बघत बसते आणि जरा शंका आली की औषध वाढवते. जो टक्क जागा आहे आणि कळा सोसतो आहे, त्याच्या डिस्चार्ज कार्डावर पॅरासिटामॉल लिहून त्याला घरी पाठवलं जायचं. एकाच इमारतीत, एकाच दिवशी, एकाच रुग्णालयाच्या शिक्क्याने.

यात दोष कुणाचा, हे आज मला लिहायचं आहे. सरकारचा आहे, कायद्याचा आहे, ते सांगतेच. पण आधी आमचा, भूलतज्ज्ञांचा.

विदर्भातल्या जिल्ह्याच्या गावी मी काम करते. इथे कॅन्सर म्हटलं की तोंडाचा, आणि तोंडाचा म्हटलं की सुपारी-तंबाखूचा खर्रा. काही वर्षांपूर्वी एका गुरुवारी एक बाई नवऱ्याला घेऊन आली. वय पन्नाशीच्या आतलं. जबडा एका बाजूने सुजलेला, गालाला आरपार जखम, तिच्यावर ओढणीचा बोळा धरलेला. तोंड दोन बोटंही उघडत नव्हतं, नाकात नळी. शस्त्रक्रिया होण्यासारखी नाही असं मोठ्या रुग्णालयाने सांगून झालं होतं. आमच्याकडे तो आला होता नळी बदलायला. दुखण्याबद्दल कुणी विचारेल अशी त्यांची अपेक्षाच नव्हती.

दुखणं किती, हे मोजायला शून्य ते दहा अशी पट्टी असते. खेड्यातल्या माणसासमोर ती पट्टी धरली की तो तिच्याकडे नुसता बघत राहतो. म्हणून मी आण्यांत विचारते. आणे जाऊन कितीतरी वर्षं झाली, पण सोळा आणे म्हणजे पुरेपूर, हे अजून सगळ्यांना कळतं. त्याला विचारलं, "रुपयातले किती आणे दुखतं?" त्याला बोलता येत नव्हतं. त्याने दोन्ही हातांची दहा बोटं दाखवली. मग एका हाताची पाच. मग एक.

बायको म्हणाली, "रातभर बसूनच राहतेत, मॅडम. भितीले डोकं टेकून. लेकरं झोपली का मंग कण्हतेत. तोवर आवाज नाही करत."

माझ्या खिशात किल्ली होती. पण कपाटात अँपूल होत्या, गोळ्या नव्हत्या. थिएटरात लागणारं इंजेक्शन आम्ही ठेवत होतो. घरी नेण्याची दहा मिलिग्रामची मॉर्फिनची गोळी ठेवायची तर रुग्णालयाला त्यासाठी मान्यता हवी, आणि ती आम्ही कधी मागितलीच नव्हती. मी नागपूरची चिठ्ठी लिहून दिली. ती बाई दोनदा एसटीने नागपूरला जाऊन गोळ्या घेऊन आली. तिसऱ्या वेळी सोयाबीनची सोंगणी लागली होती, रोजी बुडवून जाणं जमलं नाही. तो भिंतीला टेकून बसलेलाच गेला. हे मला नंतर त्याच गावच्या आशाताईने सांगितलं.

आता अफूची गोष्ट ऐका.

मॉर्फिन अफूपासून बनतं, आणि अफू आपल्या देशात सरकारी परवान्याने पिकते. मंदसौर, नीमच, चित्तोडगड, प्रतापगड, थोडी उत्तर प्रदेशात. बोंडाला संध्याकाळी चिरा द्यायच्या, रात्रभर चीक बाहेर येऊ द्यायचा, उजाडता तो खरवडून घ्यायचा. नारकोटिक्स खात्याचे लोक शेत मोजतात, चिकाचं वजन करतात, पत तपासतात. गोळा झालेली अफू जाते ती गाझीपूर आणि नीमचच्या सरकारी कारखान्यांत. गाझीपूरचा कारखाना १८२० सालचा. अफूचा चीक असा कायदेशीरपणे गोळा करून इतर देशांना विकणारा जगातला एकमेव देश आपला. अमेरिकेचा १९८१ सालचा नियम आहे की तिथल्या औषध कारखान्यांनी अशा कच्च्या मालातला किमान ८० टक्के भारत आणि तुर्कस्तानकडून घ्यावा. बोस्टनमधल्या आजोबांच्या मणक्याच्या कॅन्सरवर गेली कित्येक वर्षं जे औषध चाललं, त्यात नीमचच्या शेतकऱ्याचा घाम आहे.

त्या शेतांवर पोपटांचे थवे येतात. बोंडं फोडतात, दाणे आणि चीक खातात, पुन्हा पुन्हा येतात. शेतकरी जाळ्या बांधतात, डबे वाजवतात, तरी पोपट हटत नाहीत. ही बातमी दर एक-दोन वर्षांनी कुठे ना कुठे छापून येते. वाचली की मला तो भिंतीला टेकलेला माणूस आठवतो आणि पेपर खाली ठेवावा लागतो.

आणि मुंबईकरांनो, अफू म्हणजे दूरची गोष्ट समजू नका. जे. जे. रुग्णालय १८४५ साली उभं राहिलं ते सर जमशेटजी जिजीभॉय यांच्या देणगीच्या बळावर. त्यांची दौलत चीनच्या व्यापारातली. कापसाची आणि माळव्याच्या अफूची. माळव्याची अफू मुंबईच्या बंदरातून चीनला जायची आणि तिथल्या लाखो माणसांची घरं बुडवायची. तो व्यापार पाप होता, तो संपला हे उत्तम झालं. पण त्याच माळव्याच्या त्याच पिकाचा एकमेव पुण्याचा उपयोग, मरणाऱ्या माणसाची कळ थांबवणं, आपल्याला धड करता येऊ नये?

१९८५ साली अमली पदार्थांचा कायदा आला, ज्याला सगळे एनडीपीएस म्हणतात. नशेच्या व्यापाऱ्याला पकडण्यासाठी केलेल्या जाळ्यात डॉक्टर, औषधविक्रेता आणि पेशंटही अडकले. दहा वर्षांची किमान शिक्षा. प्रत्येक राज्याचे नियम वेगळे. ठेवण्याचा परवाना वेगळा, आणण्याचा वेगळा, नेण्याचा वेगळा. एक उत्पादन शुल्क खात्याकडे, एक औषध प्रशासनाकडे. एक हाती येईपर्यंत दुसऱ्याची मुदत संपलेली. रुग्णालयांनी कंटाळून मागणंच सोडलं, औषधविक्रेत्यांनी माल परत केला, कारखान्यांनी गोळी बनवणं कमी केलं. १९८५ नंतरच्या बारा वर्षांत देशातला औषधी मॉर्फिनचा वापर ९७ टक्क्यांनी खाली आला. १९९७ साली तो जेमतेम १८ किलो होता.

१८ किलो म्हणजे किती, याचा मी एकदा हिशेब केला. एका पेशंटला दिवसाला साठ मिलिग्राम धरा, हा काही फार मोठा डोस नाही. महिन्याला १८०० मिलिग्राम झाले, म्हणजे १.८ ग्रॅम. १८ किलोत दहा हजार पेशंटचा एक महिना निघतो. नव्वद कोटींहून जास्त माणसांच्या देशात दहा हजार माणसं, एक महिना. बाकीचे अकरा महिने? बाकीची माणसं?

त्यातून एक आख्खी पिढी अशी डॉक्टर झाली की जिने मॉर्फिनची गोळी डोळ्यांनी पाहिली नाही. मी त्याच पिढीतली. एमडी करताना मला मॉर्फिनचं सगळं रसायन तोंडपाठ होतं, शिरेतून किती द्यायचं हे झोपेत सांगता आलं असतं. तोंडाने द्यायची गोळी दर चार तासांनी का द्यायची आणि रात्रीचा डोस दुप्पट का करायचा, हे मला कुणी शिकवलं नाही. ते मी चाळिशी ओलांडल्यावर शिकले.

कायद्याविरुद्ध जे लढले त्यांच्यात सगळ्यांत पुढे होता एक भूलतज्ज्ञ. डॉ. एम. आर. राजगोपाल. १९९३ साली त्यांनी सहकाऱ्यांबरोबर कोझिकोडला वेदनाशमनाचं केंद्र सुरू केलं, २००३ साली तिरुवनंतपुरमला पॅलियम इंडिया उभी केली, आणि वर्षानुवर्षं दिल्लीच्या कचेऱ्यांचे उंबरे झिजवले. खासदारांना, सचिवांना, औषध नियंत्रकांना एकच गोष्ट पुन्हा पुन्हा सांगितली की नशा रोखा, पण औषध रोखू नका. फेब्रुवारी २०१४ मध्ये संसदेने कायदा बदलला. मॉर्फिन, फेंटानिल, मेथाडोन, कोडीन, ऑक्सिकोडोन आणि हायड्रोकोडोन ही सहा औषधं 'अत्यावश्यक नारकोटिक औषधं' ठरली. राज्यांचे वेगवेगळे नियम जाऊन देशभर एकच नियम आला. पाच परवान्यांच्या जागी एक मान्यता, राज्याच्या औषध नियंत्रकाकडून. अट काय? वेदनाशमनाचं प्रशिक्षण घेतलेला एक तरी डॉक्टर, नीट ठेवलेली नोंद, वर्षाचा अंदाज आणि वर्षाचा हिशेब. राजगोपाल यांना २०१८ साली पद्मश्री मिळाली.

आता सांगा, कायद्याचं कारण उरलं कुठे?

२०१७ साली 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकाच्या आयोगाने जगभरचा हिशेब मांडला. वेदनाशमनाची गरज असलेल्या भारतातल्या एका रुग्णाच्या वाट्याला वर्षाला सरासरी ४३ मिलिग्राम मॉर्फिन किंवा तत्सम औषध येत होतं. अमेरिकेत सुमारे ५५ हजार मिलिग्राम. आपली चार टक्के गरज भागत होती. ४३ मिलिग्राम म्हणजे काय ते सांगते. सकाळी सहाला दहाची गोळी, दहाला दुसरी, दुपारी दोनला तिसरी, संध्याकाळी सहाला चौथी. रात्री दहाच्या डोसाला हातात तीन मिलिग्राम उरतात. आणि तो वर्षाचा शिधा असतो.

नवा कायदा आल्यावरही आमच्यासारख्या शेकडो रुग्णालयांनी मान्यतेचा अर्ज केला नाही. मीही केला नव्हता. त्या बाईला नागपूरची चिठ्ठी लिहून दिली तेव्हा कायदा बदलून बरीच वर्षं झाली होती. आशाताईने सांगितल्यावर मी अर्ज केला. कागद जमवायला मला तीन आठवडे लागले. तीन आठवडे! एवढ्या वर्षांच्या कामात मी तीन आठवडे काढू शकले नव्हते.

का काढले नाहीत, ते प्रामाणिकपणे सांगायला हवं, कारण माझ्यासारखे अनेक आहेत. लहान गावातला भूलतज्ज्ञ दिवसभर पळत असतो. सकाळी एका ठिकाणी सिझेरियन, दुपारी दुसरीकडे मोडलेलं हाड, संध्याकाळी तिसऱ्या रुग्णालयात फुटलेलं अपेंडिक्स, रात्री अडीचला फोन. पैसे केसवर मिळतात. गुरुवारी दुपारी ओपीडीत बसून चार कॅन्सरच्या पेशंटशी बोलायचं तर त्या दोन तासांत दोन केसेस जातात. सर्जन रागावतो, रुग्णालयाचा मॅनेजर विचारतो की या ओपीडीतून येतं किती. खरं उत्तर असं की काही येत नाही. गोळीची किंमत काही रुपये. तिच्यात कुणालाच नफा नाही, म्हणून तिच्या मागे औषध कंपनीचा एकही एमआर फिरत नाही. फेंटानिलची चामडीवर लावायची पट्टी तिच्या कितीतरी पट महाग, तिची माहितीपत्रकं मात्र ढीगभर येतात.

मोठ्या शहरांत आता पेन क्लिनिकं निघाली आहेत. गुडघा, कंबर, मान. सोनोग्राफीवर बघत नेमक्या नसेपाशी सुई नेतात, रेडिओफ्रिक्वेन्सीने नस बधिर करतात. काम कसबाचं आहे, मी त्याला कमी लेखत नाही. स्वादुपिंडाच्या कॅन्सरमध्ये पोटामागच्या मज्जातंतूंच्या जाळ्यात अल्कोहोल सोडून कळ थांबवणारा भूलतज्ज्ञ मी जवळून पाहिला आहे. पेशंट टेबलावरच रडला होता, सुटल्यासारखा. पण सुई टोचली की बिल होतं, गोळी लिहून दिली की होत नाही, आणि या एका गोष्टीने आमच्या शाखेची दिशा ठरते आहे. आमच्या परिषदांत सुयांच्या कार्यशाळांना दालनं भरून जातात. गोळीवरचं भाषण जेवणानंतरच्या सुस्तीत उरकतात. मी ते भाषण दोनदा दिलं आहे. पहिल्यांदा ऐकायला अकरा जण होते.

आमच्या मागे काय वारसा आहे, याची आठवण त्या अकरा जणांना मी करून दिली. वेदना हा स्वतंत्र विषय आहे, हे जगाला सांगणारा जॉन बोनिका भूलतज्ज्ञच होता. शिक्षणाच्या खर्चासाठी कुस्त्या खेळलेला, त्या कुस्त्यांनी मोडलेलं अंग आयुष्यभर दुखत राहिलेला माणूस. दुसऱ्या महायुद्धात सैनिकांच्या रुग्णालयात काम करताना त्याला दिसलं की जखम भरली तरी दुखणं राहतं आणि त्याचं काय करायचं हे कुणालाच ठाऊक नाही. १९५३ साली त्याने वेदनेवरचा पहिला मोठा ग्रंथ लिहिला. वेदनेच्या अभ्यासाची जी आंतरराष्ट्रीय संघटना त्याच्या पुढाकाराने निघाली, तिने २०२० साली वेदनेची व्याख्या नव्याने लिहिली आणि खाली टिपांत एक ओळ घातली. तिचा अर्थ असा की माणूस दुखतं म्हणाला तर त्याच्या म्हणण्याचा मान राखावा. एवढी साधी गोष्ट लिहून ठेवावी लागली. आमच्या वॉर्डात अजून ऐकू येतं, "एवढं काही दुखत नसतं हो, सवय झाली आहे त्यांना ओरडायची."

मॉर्फिनचं नाव काढलं की तीन आक्षेप येतात. डॉक्टरांकडूनही येतात, म्हणून जास्त लागतात.

सवय लागेल. ज्याच्या हाती दोन महिने आहेत, त्याला सवय लागेल? आणि ज्याच्या हाती दोन वर्षं आहेत त्याचं काय, तर शरीराला औषधाची सवय होणं आणि नशेसाठी जीव टाकणं या वेगळ्या गोष्टी आहेत. मधुमेही माणूस इन्शुलिनवर असतो, त्याला आपण व्यसनी म्हणत नाही.

श्वास बंद पडेल. पडू शकतो, बेताल दिलं तर. श्वासावर नजर ठेवणं हाच माझा धंदा आहे, म्हणून सांगते. थोड्या डोसापासून सुरुवात करून, कळ किती उरली हे विचारत वाढवत नेलं तर श्वासाला धोका होण्याच्या खूप आधी गुंगी येते. ती दिसली की थांबता येतं. उतारा म्हणून नॅलोक्सोन आहे. मूत्रपिंड कमजोर असेल तर डोस आणखी जपून. हे सगळं शिकण्यासारखं आहे आणि शिकवण्यासारखं आहे.

तिसरा आक्षेप घरच्यांचा. मॉर्फिन म्हणजे शेवट आला. हा मात्र आपल्याच वागण्यातून आला आहे. शेवटच्या दोन दिवसांत दिलं तर लोक दुसरं काय समजणार? वेळेवर दिलं की माणूस उठून बसतो, जेवतो, घरातल्यांवर चिडतोसुद्धा.

अमेरिकेकडे बघा, असंही कुणी म्हणतं, आणि ते अगदी बरोबर म्हणतं. बघायलाच हवं. जानेवारी १९८० मध्ये तिथल्या एका नामांकित वैद्यकीय नियतकालिकात एका परिच्छेदाचं पत्र छापून आलं. रुग्णालयात असताना मॉर्फिनसारखी औषधं मिळालेल्या ११,८८२ पेशंटपैकी फक्त चौघांना व्यसन जडल्याची नोंद सापडली, एवढंच त्यात होतं. रुग्णालयातली गोष्ट, दाखल असतानाची. पुढे ते पत्र सहाशेहून अधिक वेळा उद्धृत झालं आणि बहुतेकांनी 'रुग्णालयातले पेशंट' हा भाग गाळला. १९९६ साली पर्ड्यू कंपनीने ऑक्सिकॉन्टिन ही ऑक्सिकोडोनची गोळी बाजारात आणली, डॉक्टरांना सांगितलं की व्यसनाचा धोका नगण्य आहे. कंबरदुखीला, दातदुखीला, सांधेदुखीला गोळ्यांच्या बाटल्या लिहून दिल्या गेल्या. पर्ड्यूने २००७ आणि २०२० साली न्यायालयात गुन्हा कबूल केला. तोवर हेरॉइन आणि बेकायदा फेंटानिल गल्लोगल्ली पोचलं होतं. २०२१ साली एका वर्षात अमली पदार्थांच्या अतिसेवनाने लाखाहून अधिक अमेरिकन मेले.

ते मेले ते नफ्यासाठी सांगितलेल्या खोट्या गोष्टींनी आणि डॉक्टरांनी मूळ पत्र न वाचल्याने. त्याची शिक्षा आमच्या विदर्भातल्या माणसाने भिंतीला टेकून का भोगायची? माझ्या कपाटाला दोन कुलपं आहेत ती राहू द्या. रजिस्टर असू द्या, सह्या असू द्या, तपासणीला या, रोज या. केरळात वर्षानुवर्षं हजारो पेशंट घरी मॉर्फिन घेतात. हिशेब ठेवणारी माणसं आणि घरोघर जाणारे स्वयंसेवक असले की औषध औषधच राहतं. केरळने २००८ साली वेदनाशमनाचं धोरण जाहीर केलं. आपल्याकडे बांद्र्याला शांती अवेदना सदन १९८६ पासून आहे, टाटा रुग्णालयाचा विभाग आहे, पुण्यात वारज्याला सिप्लाचं केंद्र १९९७ पासून आहे. तिथली माणसं देवमाणसं आहेत, मी त्यांच्याकडेच शिकले. पण पुण्याहून आमच्या गावाला एसटीने रात्र लागते, आणि तेवढं अंतर कळ सोसत काढायला माणूस शिल्लक असावा लागतो.

जानेवारी २०२५ मध्ये अमेरिकेने सुझेट्रिजिन नावाच्या नव्या गोळीला मंजुरी दिली. मॉर्फिनच्या कुळातली नाही, मेंदूवर काम न करता मज्जातंतूतल्या एका सोडियम वाहिनीला अडवते, म्हणून व्यसनाची भीती नाही. मंजुरी शस्त्रक्रियेनंतरच्यासारख्या ताज्या दुखण्यासाठी. तेव्हा एका गोळीची किंमत साडेपंधरा डॉलर होती. संशोधन चांगलं आहे, वाचून आनंद झाला. ते आमच्या वॉर्डापर्यंत पोचेल तेव्हा पोचेल. १८०५ च्या सुमाराला सर्ट्यूर्नर नावाच्या जर्मन औषधविक्रेत्याच्या मदतनिसाने अफूतून वेगळं केलेलं औषध अजून कितीतरी वॉर्डांपर्यंत पोचायचं आहे.

एक गोष्ट चांगली घडली आहे. २०१९ पासूनच्या नव्या एमबीबीएस अभ्यासक्रमात वेदना आणि वेदनाशमन आलं, आणि तेही भूलशास्त्राच्या प्रकरणात. म्हणजे शिकवायचं आम्हालाच आहे. माझ्याकडे इंटर्न येतात तेव्हा मी त्यांना पहिल्या दिवशी थिएटरात नेत नाही. गुरुवारच्या ओपीडीत बसवते. गोळी हातात देते. लहान, पांढरी. नळीवाटे द्यायची असेल तर साधी गोळी कुटून पाण्यात घालता येते, सावकाश विरघळणारी कुटायची नाही, नाहीतर बारा तासांचं औषध एकदम अंगात जातं. रेचक पहिल्या दिवसापासून, न विचारता. मळमळ चार दिवसांत जाते पण बद्धकोष्ठ जात नाही. पहिले दोन दिवस पेशंट खूप झोपतो, घरचे घाबरतात. त्यांना आधीच सांगायचं की कितीतरी रात्रींची राहिलेली झोप आहे ही. आणि चिठ्ठीवर 'दुखलं तर' असं कधी लिहायचं नाही. घड्याळ बघून द्यायचं, दुखायच्या आधी.

मान्यता मिळाली त्या वर्षीच्या पहिल्या काही पेशंटमध्ये एक आजी होत्या. स्तनाचा कॅन्सर, मणक्यात आणि मांडीच्या हाडात उतरलेला. सून घेऊन यायची. पहिल्या दिवशी आजी खाटेवरून रिक्षात आणि रिक्षातून खाटेवर, मध्ये पाय जमिनीला लावू देत नव्हत्या. चौदा आणे म्हणाल्या. पाच मिलिग्रामपासून सुरू केलं, मग दहा. मांडीच्या हाडाला किरणोपचाराचा एक डोस नागपूरला देऊन आणला. तिसऱ्या गुरुवारी मी विचारलं तर म्हणाल्या, "चार आणे राह्यलं. तेवढं राहू दे, बाई. काहीच नाही दुखलं तं मले कसंसं वाटते."

सून सांगत होती की आता अंगणात बसून तुरीच्या शेंगा सोलतात, आणि तिने सोललेल्या शेंगांत किडके दाणे राहतात म्हणून तिला बोलतात. ते सांगताना तिचे डोळे भरून आले होते.

आजी पौष महिन्यात घरीच गेल्या. तेराव्यानंतरच्या गुरुवारी सून एकटीच आली. रांगेत बसली, नंबर आल्यावर आत आली आणि पदराच्या गाठीतून कागदाची पुडी काढून टेबलावर ठेवली.

"सतरा हायेत, मॅडम. मोजून घ्या. घरात पोरं हायेत, म्हनून कालपर्यंत पेटीत कुलपात ठेवल्या होत्या."

मी सिस्टरला हाक मारली. दोघींनी मोजल्या. सतरा. रजिस्टर उघडलं तर त्यात आवक, जावक, शिल्लक एवढेच रकाने. परत आलेल्या गोळ्यांसाठी रकाना नव्हता. नियमाप्रमाणे त्या दुसऱ्या कुणाला देता येत नव्हत्या, दोघींसमोर नष्टच करायच्या होत्या. सिस्टरने शेऱ्याच्या जागेत बारीक अक्षरात लिहिलं, 'नातेवाइकांनी स्वतः आणून परत केल्या, नग १७.' तिने सही केली, मी केली. सुनेने विचारलं, "मी पन करू का?"

मी पेन तिच्या हातात दिलं.